पॅरानॉर्मल रोमान्सची, म्हणजे नरलांडगे वगैरे अमानवी पात्रांच्या प्रेमकथांची, नवी लेखिका वाचायला घ्यायची, तर सुरुवात कुठून करावी?

तुम्ही विचारलंय की एकेक मालिका दहा-पंधरा पुस्तकांची, मग लेखिका आपल्याला जमणार की नाही हे आधी ओळखायचं कसं. मालिका जिथे सुरू होते ती कथा वाचा. फक्त ‘पुस्तक १’ म्हणजेच सुरुवात, असं धरून चालू नका. मी तिथेच आपटले.

नाशिकच्या शालिमारजवळ जुन्या पुस्तकांच्या ढिगात मला पॅट्रिशिया ब्रिग्जचं ‘क्राय वुल्फ’ मिळालं. आतल्या पानावर कुणीतरी निळ्या पेनाने ‘१’ लिहून त्याला गोल केलेला. म्हटलं, वा, पहिलंच हाती लागलं! नाशिकरोडच्या बसमध्ये उघडलं, तर नरलांडगा नायक चार्ल्स आधीच चांदीची गोळी लागून जखमी, तशीच नायिका अ‍ॅना शिकागो सोडून त्याच्याबरोबर मोंटानाला निघालेली, आणि या दोघांचं जमलं कधी याचा पत्ता नाही. द्वारका येईपर्यंत मी दोनदा पानं मागे उलटली. वाटलं, बाइंडिंगमधून एखादा फर्मा गळलाय.

गळलं काहीच नव्हतं. त्यांची भेट होते ‘अल्फा अँड ओमेगा’ या दीर्घकथेत, आणि ती आली २००७ साली, ‘ऑन द प्रॉल’ या चार लेखिकांच्या संग्रहात. ‘क्राय वुल्फ’ २००८ चं. पहिल्या पुस्तकाचा मान त्याला, आणि दीर्घकथा बिचारी मालिकेच्या यादीत एकच्या आधी, ०.५ म्हणून बसलेली.

ती मी एका बैठकीत संपवली. अ‍ॅना वेट्रेस आहे. तिच्याच टोळीतल्या नरलांडग्यांनी तिला इतकं छळलंय की ती मान वर करत नाही. चार्ल्सच्या मात्र लक्षात येतं की ही दुबळी नाही, ओमेगा आहे. हिच्या जवळ नुसतं असण्याने चवताळलेला लांडगाही निवतो. या एका कल्पनेवर पुढची सगळी मालिका उभी आहे. लेखिकेला असं काही सुचलंय, की ती नुसती नायकाच्या दंडांचं वर्णन करत बसणार, हे एवढ्यात कळतं.

(आई सावानाची, म्हणजे सार्वजनिक वाचनालय नाशिकची, जुनी सभासद, नारायण धारपांच्या भयकथांवर आणि त्यातल्या समर्थांवर वाढलेली. तिला गोष्ट सांगितली तर म्हणाली, “आमचे समर्थ असल्यांचा बंदोबस्त करायचे. तुम्ही लग्नं लावताय.”)

नलिनी सिंगच्या साय-चेंजलिंग मालिकेत ही भानगड नाही. २००६ ची ‘स्लेव्ह टू सेन्सेशन’ घ्यायची आणि निघायचं. भावना दाबून टाकायचं शिक्षण मिळालेली साशा आणि बिबट्याचं रूप घेणारा लुकास. सुरुवातीला नव्या शब्दांचा भडिमार होतो, तेवढा सोसा. पुढे जोडपी बदलतात, पण मागचं राजकारण चालूच राहतं, त्यामुळे मधूनच उचललं तर माझ्यासारखी गत होईल.

क्रेस्ली कोलच्या ‘इमॉर्टल्स आफ्टर डार्क’लाही ‘अ हंगर लाइक नो अदर’च्या आधीची एक दीर्घकथा आहे, ‘द वॉरलॉर्ड वॉन्ट्स फॉरएव्हर’. तेव्हा पैसे मोजण्याआधी यादीत ०.५ दिसतंय का बघा. ब्रिग्ज वाचायची असेल तर सरळ ‘ऑन द प्रॉल’च मिळवा, बाकीच्या तिघी त्याच पैशात चाखून होतात. त्यातल्या एकीच्या चार पानांपुढे मी गेलेच नाही.