स्कॉटलंडमधल्या जुन्या थडग्यांवर कवटी आणि हाडं का कोरलेली असतात? ती समुद्री चाच्यांची थडगी आहेत का?

नाही, चाच्यांचा काही संबंध नाही. ती गोष्ट पर्यटकांना आवडते म्हणून टिकून आहे. कुणी प्लेगचं नाव घेतं, कुणी टेम्पलर सरदारांचं, म्हणजे मध्ययुगातल्या ख्रिस्ती लढवय्या साधूंचं. प्रत्यक्षात सतराव्या-अठराव्या शतकात तिकडे शेतकरी, शिंपी, भटारी अशा साध्या माणसांच्या दगडांवरही कवटी आणि मांडीची हाडं सर्रास कोरत. मी एडिंबरात राहतो. इथल्या ग्रेफ्रायर्स दफनभूमीत तर भिंतीलगतच्या स्मारकांवर अख्खे सांगाडे आहेत.

याचं मूळ १५६० च्या धर्मसुधारणेत आहे, म्हणजे स्कॉटलंडनं पोपचं कॅथलिक चर्च सोडून प्रोटेस्टंट पंथ धरला त्यात. नव्या चर्चला क्रूस, संतांच्या मूर्ती, मेलेल्यांसाठी प्रार्थना हे सगळं पोपचं थोतांड वाटे. चर्चच्या इमारतीत पुरायलाही मनाई झाली (बड्या घराण्यांनी ती हवी तेव्हा धाब्यावर बसवली, हे ओघानं आलंच), म्हणून ऐपतदार लोक बाहेरच्या आवारात दगड उभारू लागले. मेलेल्यासाठी प्रार्थना करून काही साधत नाही असं एकदा ठरलं, की दगडानं बोलायचं कुणाशी? समोरून जाणाऱ्या जिवंत माणसाशी! म्हणून लॅटिनमध्ये 'मेमेंटो मोरी', म्हणजे तुलाही मरायचंय हे लक्षात ठेव. ज्याला अक्षर कळत नव्हतं त्याच्यासाठी कवटी होतीच.

बाकीची चिन्हंही याच सुरातली: वाळूचं घड्याळ, शवपेटी, खड्डा खणणाऱ्याची कुदळ-फावडी. हातघंटा दिसली तर ती अंत्ययात्रेपुढे वाजवायची घंटा.

या सगळ्याच्या वर बहुतेकदा पंख असलेला एक चेहरा असतो. लोक त्याला देवदूत समजतात, पण तो सहसा शरीर सोडून वर निघालेला आत्मा. खाली हाडं, वर तो. गावच्या पाथरवटांनी कोरलेले हे चेहरे कधी इतके गालफुगे आणि भाबडे असतात की हसूच येतं, आणि मला तेच शहरातल्या सुबक संगमरवरापेक्षा जास्त आवडतात.

मेलेला कोण होता, हे त्याच्या धंद्याच्या खुणेवरून कळतं. मुकुट घातलेला हातोडा म्हणजे लोहार किंवा धातुकाम करणारा, कात्री आणि इस्त्री म्हणजे शिंपी, धोटा म्हणजे विणकर, फाळ म्हणजे शेतकरी. एकाच दगडावर वेगळ्या आडनावांची दोन आद्याक्षरं दिसली तर बहुधा नवरा-बायको समजा. तिकडे बायका लग्नानंतरही माहेरचं नाव ठेवत. एकोणिसाव्या शतकात ही चिन्हं मागे पडली आणि त्यांच्या जागी कलश आले.

बघायला जाल तेव्हा दगडाची मागची बाजूही बघा. कित्येकदा नाव एका बाजूला आणि चिन्हं दुसऱ्या बाजूला असतात. वालुकाश्म झिजलेला असतो, त्यामुळे भर दुपारी काही दिसत नाही. ऊन तिरपं असताना जा. कागद लावून ठसे मात्र घेऊ नका, पापुद्रे निघून येतात.