जास्त उत्पादनाचे दोन वाण एकत्र केले, तर कपाशीचा संकर आणखी भारी निघतो का?

हमखास नाही. कृषी महाविद्यालयात कपाशीच्या पैदासीवरच काम केलंय, त्यावरून सांगतो.

दोन्ही वाण भारी, पण पणजोबा एकच, असं अमेरिकन कपाशीत (आपल्याकडे सर्वात जास्त पिकणारी प्रजाती) सर्रास आढळतं. मग तो संकर म्हणजे सगोत्र विवाह. नवं काही पदरात पडत नाही. वाण वेगवेगळ्या गावचे असले म्हणजे ते वेगळे झाले, असंही नाही. म्हणून बोंडांची संख्या, बोंडाचं वजन, रुईचा उतारा (सरकीसकट कापसातून रुई किती टक्के निघते), धाग्याची लांबी अशी मोजमापं घेऊन संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांच्या डी-स्क्वेअर पद्धतीने, म्हणजे या सगळ्या गुणांवरून वाणांमधलं अंतर काढून, त्यांचे गट पाडतात आणि लांबच्या गटांतले जोडीदार निवडतात.

जोडी जमली की काय होतं, ते धारवाडला कापूस पैदासकार बी. एच. कटारकींनी दाखवलं. लक्ष्मी हा अमेरिकन वाण आणि एसबी २८९-ई हा बार्बाडेन्स, म्हणजे प्रजातीच वेगळी. त्यातून १९७२ साली वरलक्ष्मी आला. त्याआधी १९७० मध्ये सुरतला सी. टी. पटेलांचा एच-४ आला होता, जगातला पहिला व्यापारी संकरित कापूस.

पण अंतर हवं म्हणून कुठलीही जोडी चालत नाही. देशी कपाशीची गुणसूत्रं २६, अमेरिकनची ५२. सरळ संकर केला तर संततीत ३९ येतात आणि झाड वांझ निघतं. रसशोषक किडींपुढे देशीच जास्त टिकते, त्यामुळे याचं वाईट वाटतं.

आता उत्पादनाकडे. झाडावरच्या बोंडांची संख्या हा बहुतेक अभ्यासांत सगळ्यात वजनदार गुण ठरतो. अडचण एवढीच, की बोंडं वाढली की बहुधा एकेक बोंड हलकं होतं. दोन्ही एकदम वाढवायला गेलात तर हाती फारसं लागत नाही.

उताऱ्याच्या आकड्यावर मात्र आंधळा विश्वास नको. १०० किलो कापसातून ३५ किलो रुई निघाली की उतारा ३५ टक्के. पण सरकी बारीक झाली तरी हा आकडा वर चढतो, रुई तेवढीच असताना! म्हणून निवड करताना आम्ही सरकीचे १०० दाणे वेगळे तोलायचो आणि त्यांच्यावरची रुई वेगळी. तुम्हीही निदान एवढं करून बघा, फक्त काटा ग्रॅमचा दहावा भाग दाखवणारा हवा.