एकच बांधकाम कंपनी पूल, धरण, बोगदे आणि इमारती ही सगळी कामं खरंच करू शकते का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एका बांधकाम कंपनीच्या माहितीपत्रकात रस्ते, पूल, धरण, बोगदा, जलशुद्धीकरण केंद्र, रुग्णालय, कारखान्याच्या शेड असं सगळंच दिसतंय. एवढं सगळं एकाच कंपनीला जमतं का, की नुसती यादी वाढवलेली असते? आणि नव्या सिव्हिल इंजिनिअरनं अशा कंपनीत जावं की एकाच प्रकारची कामं करणाऱ्या कंपनीत? मी पूल, इमारती आणि पाण्याच्या टाक्या अशा तिन्ही प्रकारच्या साइटवर काम केलंय, त्या अनुभवावरून सांगतो.

जमतं. फक्त आधी हे समजून घ्या की मोठ्या कामावरची बरीचशी कामं मुख्य कंत्राटदार स्वतःच्या माणसांकडून करून घेत नाही. पाइल (जमिनीत खोल जाणारे पायाचे खांब) मारणारी एजन्सी वेगळी, केबल ताणणारी वेगळी, लिफ्ट बसवणारी वेगळी, काचेचा दर्शनी भाग करणारी वेगळी. मग कंपनीच्या स्वतःच्या हातात काय राहतं? कामाचा क्रम, काँक्रीटचा दर्जा, लाइन-लेव्हल (सगळं सरळ रेषेत आणि ठरल्या उंचीवर ठेवणं), तात्पुरती कामं, सुरक्षितता आणि पैशाचं चक्र. या गोष्टी पुलावर लागतात तशाच रुग्णालयातही लागतात. म्हणून कंपनी एका प्रकारातून दुसऱ्यात जाऊ शकते. पण हे आपोआप होत नाही. जी माणसं शिकली, ती पुढच्या साइटवर गेली तरच ते ज्ञान पुढे जातं.

याचं माझं सगळ्यात आवडतं उदाहरण काँक्रीटच्या उष्णतेचं आहे. सिमेंटमध्ये पाणी पडलं की रासायनिक क्रिया सुरू होते आणि काँक्रीट तापतं. सहा इंची स्लॅबमध्ये ती उष्णता निघून जाते, कुणाला कळतही नाही. काँक्रीट जाड असेल तर आतला भाग तापलेलाच राहतो, बाहेरचा गार होऊन आकसायला लागतो, आणि तडे जातात. अमेरिकेतलं २२१ मीटर उंचीचं हूव्हर धरण बांधताना हा प्रश्न समोर होता. तिथल्या ब्यूरो ऑफ रेक्लमेशन या सरकारी जलखात्याचा हिशोब होता की सगळं काँक्रीट एकसंध ओतलं असतं तर गार व्हायला १२५ वर्षं लागली असती. म्हणून १९३३ ते १९३५ या काळात ते काँक्रीट वेगवेगळ्या ठोकळ्यांमध्ये, साधारण दीड-दीड मीटरच्या थरांत ओतलं गेलं. प्रत्येक थरात एक इंची पाइप टाकले. त्यातून आधी नदीचं पाणी आणि मग यंत्रानं थंड केलेलं पाणी फिरवलं. पाइपची एकूण लांबी ९०० किलोमीटरच्या वर गेली. काम झाल्यावर ते पाइप ग्राउट (सिमेंटचं पातळ मिश्रण) भरून बंद केले.

आता रुग्णालय बघा. लोकांना वाटतं, इमारतच ती. पण कर्करोगाच्या किरणोपचाराचं यंत्र ज्या खोलीत बसतं, तिच्या ज्या भिंतीवर थेट किरण पडतात ती दोन मीटरच्या आसपास जाड असते, कधी त्याहूनही जास्त. तिथे तडा किंवा कोल्ड जॉइंट (आधीचं काँक्रीट घट्ट झाल्यावर नवं ओतल्यानं राहणारा कच्चा सांधा) चालत नाही, कारण ती भिंतच किरणोत्सर्ग अडवणार असते. केबलचा पाइपसुद्धा भिंतीतून सरळ नेत नाहीत, तिरका नेतात, म्हणजे किरणांना सरळ वाट मिळत नाही. आयुष्यभर घरांचे स्लॅब टाकलेला सुपरवायझर इथे सवयीनं दुसऱ्या दिवशी शटरिंग (काँक्रीटचा साचा) खोलतो आणि गार पाण्याचा पाइप सोडतो. क्युरिंग (काँक्रीट ओलं ठेवून पक्कं करणं) चांगलं व्हावं ही त्याची प्रामाणिक इच्छा असते. पण आतून तापलेल्या भिंतीचा बाहेरचा भाग त्यानं एकदम गार होतो आणि तडे हमखास येतात. धरणाच्या किंवा पुलाच्या मोठ्या पाइल कॅपच्या (पाइलच्या डोक्यांवरच्या जाड काँक्रीटच्या ठोकळ्याच्या) कामावरून आलेला माणूस उलट करतो. तो शटरिंग तसंच ठेवतो आणि वरून थर्माकोल नाहीतर गोणपाट गुंडाळतो. भिंतीच्या पोटात आणि पृष्ठभागाजवळ थर्मोकपल (तापमान मोजणाऱ्या तारा) आधीच बसवलेले असतात. दर काही तासांनी दोन्हीकडचं तापमान वहीत लिहिलं जातं, आणि फरक साधारण २० अंशांच्या आत राहील हे बघितलं जातं. मिश्रणातच थोडं सिमेंट कमी करून फ्लाय अॅश (कोळशाची राख) किंवा स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतली मळी) घातलेला असतो, पाण्याचा काही भाग बर्फाच्या रूपात दिलेला असतो. दुबईच्या बुर्ज खलिफाच्या ३.७ मीटर जाड राफ्टलाही (पायाच्या सलग काँक्रीट थरालाही) उष्णतेचा हाच विचार करावा लागला.

म्हणजे धरणावरचं शिक्षण थेट रुग्णालयात कामी आलं. माहितीपत्रकात दोन्ही फोटो शेजारी छापलेले असतात, पण त्यांच्यामधला हा धागा त्यात दिसत नाही. तो कंपनीच्या माणसांमध्ये असतो. त्यामुळे विविध कामांची यादी बघून मी भारावत नाही. धरणावरचा क्वालिटीवाला माणूस रुग्णालयाच्या साइटवर बोलावला गेला होता का, एवढंच मला जाणून घ्यायचं असतं. अनेक कंपन्यांमध्ये इमारत विभाग आणि पायाभूत सुविधा विभाग एकाच छपराखाली असून एकमेकांशी बोलतसुद्धा नाहीत. तिथे विविधता फक्त कागदावर असते.

पुलाचंही असंच. नदीवर खालून टेकू देता येत नसेल तर खांबाच्या दोन्ही बाजूंना तुकड्या-तुकड्यानं पूल वाढवत नेतात. प्रत्येक नवा तुकडा पडला की टोक थोडं खाली झुकतं, म्हणून पुढच्या तुकड्याची लेव्हल हिशोबानं वर धरावी लागते. ही लेव्हल आम्ही पहाटे, ऊन पडायच्या आधी घेतो. उन्हानं पुलाचा वरचा भाग तापतो, खालचा गारच असतो, आणि टोक काही मिलिमीटर खाली गेलेलं दिसतं. दुपारी घेतलेल्या लेव्हलवर पुढचा तुकडा बेतला तर ती चूक तशीच पुढे वाढत जाते. उंच इमारतीतही याच जातीचा प्रश्न येतो. मजले चढतात तसे कॉलम आणि मधला कोअर (लिफ्ट-जिन्याभोवतीच्या काँक्रीटच्या भिंती) वेगवेगळ्या प्रमाणात दबतात. प्रत्येक मजल्यावर ती भरपाई केली नाही तर वरच्या मजल्यांना ढाळ येतो. रचना पूर्ण होईपर्यंत तिचा आकार बदलत असतो ही जाणीव पुलावर पक्की होते.

आता तात्पुरत्या कामांबद्दल. कंपनीची खरी ताकद इथे कळते असं माझं ठाम मत आहे. सेंटरिंग आणि स्टेजिंग (ओलं काँक्रीट पेलणारे साचे आणि टेकू), नदीत पाणी अडवायचा कॉफर डॅम, खोदाईच्या बाजू धरून ठेवणारे आधार, क्रेनखालची जमीन, यातलं काहीच शेवटी शिल्लक राहत नाही, त्यामुळे फोटोतही येत नाही. पण बांधकाम चालू असताना होणारे अपघात बऱ्याचदा इथेच होतात. पक्क्या रचनेचं डिझाइन सल्लागार करतो, ते दोन-तीन ठिकाणी तपासलं जातं. तात्पुरत्या कामांचं डिझाइन कंत्राटदाराकडे असतं, आणि कमजोर कंपनीत ते "नेहमी करतो तसंच करा" एवढ्यावर उरकतं. लंडनला थेम्स नदीखालचा बोगदा मार्क ब्रुनेलनं १८२५ ला सुरू केला, तो उघडला १८४३ ला. मऊ मातीत माणसं चिरडू नयेत म्हणून त्यानं लोखंडी शिल्ड वापरली. तिच्यात ३६ खण होते, एकेका खणात एकेक माणूस उभा राहून समोरची माती थोडी थोडी काढायचा. ती शिल्ड म्हणजे तात्पुरतं कामच. आजची बोगदा खोदणारी यंत्रं त्याच कल्पनेवर पुढे गेली आहेत.

फरक कुठे पडतो तेही सांगतो, कारण सगळं सारखं आहे असं म्हणणं खोटं होईल. धरण, बोगदा, पुलाचा पाया या कामांत अनिश्चितता जमिनीखाली असते. दोन बोअरच्या (जमीन तपासायला पाडलेल्या खोल भोकांच्या) मधे काय आहे हे खोदेपर्यंत कळत नाही. खडक अपेक्षेपेक्षा खाली लागला किंवा बोगद्यात अचानक पाणी आलं की कार्यक्रम, मशिनरी, बिल सगळं हलतं. तिथे टिकतो तो माणूस निर्णय लवकर घेणारा आणि प्रत्येक गोष्ट त्याच दिवशी लिहून ठेवणारा. रस्त्याच्या कामात भराव, दबाई, पाण्याचा निचरा आणि मशिनरीची साखळी सांभाळली की बरंच साधतं. त्यावर जास्त लिहीत नाही.

इमारतीत पाया वर आला की जमिनीची धास्ती संपते, पण गुंतागुंत माणसांची आणि वस्तूंची होते. रुग्णालयाच्या फॉल्स सीलिंगच्या वर जेमतेम दोन-अडीच फुटांत एसीचे डक्ट, ऑक्सिजनच्या लाइन, आग विझवायचे पाइप, केबल ट्रे आणि सांडपाण्याची लाइन बसवायची असते. सांडपाण्याला उतार लागतो, म्हणून तिला आधी जागा द्यावी लागते, बाकीचे वळसा घेऊ शकतात. स्लॅब टाकायच्या आधी स्लीव्ह (पाइप जायला मोकळी नळी) सोडली नाही तर नंतर कोअर कटर घेऊन बीमजवळ भोकं पाडत बसावं लागतं.

म्हणून इमारत हे सोपं काम आहे असं पूलवाल्यांनी म्हटलं की मला राग येतो. १९८१ च्या जुलैमध्ये अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत हयात रीजन्सी हॉटेलच्या दालनातले लटकते पादचारी पूल कोसळले आणि ११४ माणसं गेली. मूळ कल्पनेत छतापासून खाली येणाऱ्या सलग रॉडवर चौथ्या आणि दुसऱ्या मजल्याचे दोन्ही पूल टांगायचे होते. एवढा लांब रॉड आणि त्यावरचे आटे करणं अवघड, म्हणून त्याचे दोन रॉड केले. वरचा रॉड छतापासून चौथ्या मजल्यापर्यंत, आणि खालचा चौथ्या मजल्याच्या बीमपासून दुसऱ्यापर्यंत. बदल कागदावर किरकोळ दिसतो. पण आता चौथ्या मजल्याच्या बीमखालच्या नटवर स्वतःच्या पुलासोबत खालच्या पुलाचाही भार आला, म्हणजे जवळजवळ दुप्पट. मूळ जोडणीच पुरेशी नव्हती, त्यात हे. साइटवरून किंवा वर्कशॉपमधून "एवढंच बदलू का?" अशी विचारणा आली की भार कोणत्या वाटेनं खाली जातो हे पुन्हा बघायचं, मग काम पुलाचं असो की लॉबीचं.

पाण्याच्या टाकीचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही, कारण टाकी कुणाच्याही सांगण्यावर विश्वास ठेवत नाही. ती भरून ठेवतात, काँक्रीटला पाणी पिऊन घेऊ देतात, आणि मग सात दिवस पातळी मोजतात. टाकी उघडी असेल तर पाण्यानं भरलेला एक ट्रेही जवळ ठेवतात, म्हणजे वाफ होऊन किती गेलं आणि गळून किती गेलं हे वेगळं करता येतं. जॉइंटमधली वॉटरस्टॉप पट्टी (सांध्यातून पाणी जाऊ न देणारी) काँक्रीट ओतताना दुमडली गेली असेल तर ती चूक त्या आठवड्यात बाहेर दिसतेच. टाकीवर काम केलेला इंजिनिअर पुढे तळघर, जलतरण तलाव, शुद्धीकरण केंद्र कुठेही गेला तरी जॉइंटजवळ स्वतः उभा राहतो.

आता यादी कशी वाचायची. हूव्हर धरणाचं कंत्राट १९३१ मध्ये "सिक्स कंपनीज" या नावाच्या समूहाला मिळालं. एवढं मोठं काम आणि त्याची हमी एकट्याला झेपणारी नव्हती. त्यात धरणवाले होते, रेल्वेची कामं करणारे होते, बोगदेवाले होते, इमारतीवालेही होते. पुढे प्रत्येकानं "आम्ही हूव्हर धरण बांधलं" म्हटलं तर ते खोटं नाही, पण अपुरं आहे. बुर्ज खलिफाचंही तसंच. कोरियाच्या सॅमसंगसोबत बेल्जियमची बेसिक्स आणि दुबईची अरबटेक होती. तेव्हा यादीतल्या प्रत्येक कामासमोर मनात तीन गोष्टी विचारा. मुख्य कंत्राटदार की भागीदार की उपठेकेदार? कामाचा कोणता भाग यांचा? आणि ती टीम अजून कंपनीत आहे का? दहा वर्षांपूर्वीचा केबल-पूल बांधणारी सगळी माणसं सोडून गेली असतील तर तो अनुभव कंपनीकडे फक्त प्रमाणपत्राच्या रूपात उरलाय.

कंपन्या इतक्या प्रकारांत का शिरतात, याचं कारण बहुतेक वेळा साधं असतं. रस्त्यांच्या निविदा थंडावल्या की पाणीपुरवठ्याच्या निघतात, घरांची मागणी पडली की कारखाने चालू असतात. बॅचिंग प्लांट (काँक्रीट बनवणारी यंत्रणा), क्रेन, शटरिंगचा माल आणि माणसं रिकामी बसवणं परवडत नाही. यात वावगं काही नाही. फक्त एखाद्या प्रकारातला अजिबात अनुभव नसताना निव्वळ कमी दर लावून काम उचललेलं असेल, तर त्याचा ताण साइटवरच्या तुमच्यासारख्या कनिष्ठ इंजिनिअरवर येतो.

तुमच्या नोकरीबद्दल: विविध कामं करणारी कंपनी घ्या, पण आधी खात्री करून. मुलाखतीत बिनधास्त विचारा की एका विभागातून दुसऱ्या विभागात बदली होते का, आणि तात्पुरत्या कामांचं डिझाइन कोण करतं. कंपनीत त्यासाठी स्वतंत्र डेस्क असेल तर ती चांगली खूण आहे. उत्तर "साइटवरच बघून घेतो" असं आलं तर एकाच प्रकारचं काम नीट करणारी छोटी कंपनी बरी. पहिलं पोस्टिंग निवडायची संधी मिळाली तर जिथे पाया चालू आहे ती साइट मागा, मग ती पुलाची असो की इमारतीची. फिनिशिंग पुढे कधीही शिकता येतं, जमिनीखालचं काम बुजलं की पुन्हा दिसत नाही. बोअरचा अहवाल हातात घेऊन खोदाईच्या कडेला उभे राहा. खाली उतरायचं असेल तर बाजूंना आधार दिलाय का हे आधी बघा. कोणत्या खोलीला कागदावर काय लिहिलंय आणि समोर काय लागलंय, हे रोज तारीख टाकून वहीत लिहा.