बायकोला हीटर २४ वर हवा असतो, मला २० वरच गुदमरतं. रोजचा वाद. नक्की बरोबर कोण?

दोघंही असू शकता. आमच्याकडे चार हिवाळे हीच खडाजंगी चालली होती, फक्त कुडकुडणारा मी आणि खिडक्या उघडत सुटणारी बायको. मी गुपचूप बटण वर करायचो, ती येता-जाता खाली आणायची.

शेवटी पुरावा हवा म्हणून मी थर्मामीटर आणला आणि तो माझ्यावरच उलटला. खोलीच्या मधोमध चक्क २१ अंश! "बघ, थंडी तुझ्या डोक्यात आहे," हे त्यानंतर किती वेळा ऐकलं, विचारू नका.

मग एकदा सहज खुर्चीमागच्या भिंतीला हाताची मागची बाजू लावली. गारढोण. शेजारच्या खिडकीच्या काचेवर दव, खाली चौकटीत पाण्याची रेघ. थर्मामीटर हवेचं तापमान सांगतो, पण अंगातली ऊब समोरच्या गार भिंतीकडे, काचेकडेही जात राहते. हवा २१ अंश आणि भोवतालचे पृष्ठभाग १५ असतील, तर अंगाला जेमतेम १८ वाटतात. त्यात मी तासन्‌तास एका जागी बसलेला, ती कामात. घरातली कामं करणाऱ्याचं शरीर बसलेल्यापेक्षा दीडपट-दुपटीने उष्णता तयार करतं. तिला उकडत होतं ते नाटक नव्हतं.

खुर्ची आतल्या भिंतीपाशी नेली, खिडकीला जाड पडदा लावला. निम्मं भांडण तिथेच मिटलं. उरलेलं विजेच्या ब्लँकेटने. २००० वॅटचा हीटर सलग पाच तास चालला तर १० युनिट जातात, १०० वॅटच्या ब्लँकेटला अर्धं युनिट पुरतं. खोली तापवण्यापेक्षा माणूस तापवणं स्वस्त पडतं.

आणि लवकर तापावं म्हणून बटण ३० वर नेऊ नका. साधा हीटर त्याने जास्त जोरात चालत नाही, नुसता उशिरा थांबतो. (हे बायको पहिल्या वर्षापासून सांगत होती.)

तुमच्या २० बद्दल म्हणाल, तर जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये थंड हवामानातल्या घरांसाठी किमान १८ अंश सुचवले आहेत, घरात म्हातारी माणसं किंवा लहान मुलं असतील तर त्याहून जास्त. तेव्हा २० म्हणजे काही छळ नाही. मात्र 'गुदमरतं' हा शब्द मला खटकला. तापवलेली हवा कोरडी वाटते, नाक-घसा सुकतो, तेवढंच असेल तर ठीक. पण हीटर गॅसवरचा असेल आणि डोकं दुखत असेल, गरगरत असेल, तर वाद सोडा. लगेच खिडक्या उघडा, तो बंद करा, बाहेर पडा आणि तपासल्याशिवाय पुन्हा लावू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

तसं काही नसेल तर आज रात्री बायको बसते त्या जागेवर अर्धा तास बसा. मोबाइल घेऊन, अजिबात न हलता. आणि मागच्या भिंतीला हात लावून बघा.