टी-शर्टची गोधडी: कापण्याआधी काय ठरवायचं

चौदा टी-शर्ट आहेत, प्रत्येकावरच्या छापाचं माप वेगळं, तर सरळ एकसारखे चौकोन कापून जोडले तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय. तसे जोडू नका. टी-शर्टचं कापड होजिअरीचं असतं. कापलं की त्याच्या कडा गुंडाळतात, मशीनखाली ते आडवं ताणलं जातं आणि तिसऱ्या रांगेपर्यंत कोपऱ्याला कोपरा लागेनासा होतो.

आधी टेप घेऊन सगळ्यात मोठा छाप मोजा. तो १२ इंच असेल तर चारही बाजूंनी इंचभर मोकळी जागा सोडून तयार चौकोन १४ इंचांचा. होजिअरीला पाव इंच माया (शिलाईसाठी कडेला सोडलेलं जास्तीचं कापड) मला कमी वाटते, मी अर्धा इंच धरतो. म्हणजे कापायचं माप १५ इंच. खिशाएवढे छोटे छाप असलेले तीन शर्ट असतील तर ते साध्या सुती पट्ट्या लावून एकाच चौकोनात बसवा. मग तुमचे चौदाचे बारा चौकोन होतात. तीन उभ्या, चार आडव्या रांगा, मध्ये आणि कडेला २ इंचांची पट्टी: तयार माप ५० बाय ६६ इंच. एका माणसाला पांघरायला छान. पट्ट्या सुतीच घ्या, ताण त्याच धरून ठेवतात.

आता फ्युजिंग, म्हणजे इस्त्रीने मागून चिकटवायचं पातळ कापड. सगळं यश यातच आहे आणि नेमकी हीच पायरी लोक टाळतात. शर्ट धुऊन घ्या, पण सॉफ्टनर न घालता. त्याचा थर राहिला तर चिकट नीट धरत नाही. बाह्या आणि बाजूच्या शिलाया काढून पुढचा भाग १७-१८ इंचांचा ढोबळ कापा. उलट्या बाजूने हलकं फ्युजिंग लावा. ज्या दिशेने ते ताणत नाही ती दिशा कापडाच्या आडव्या ताणावर येऊ द्या. कॉलरचं जाड बकरम वापरलंत तर गोधडी पुठ्ठ्यासारखी होईल. इस्त्री घासू नका. दाबा, उचला, पुढे ठेवा. थंड झाल्यावरच नेमका १५ इंचांचा चौकोन कापा, छाप मध्यावर धरून. छापावर इस्त्री थेट कधीच नको, रबरी छाप वितळून तळाला चिकटतो.

मांडणी जमिनीवर करून फोटो काढा आणि तो कृष्णधवल करून बघा. गडद शर्ट एकाच कोपऱ्यात जमले असतील तर लगेच कळतं. मनासारखं झालं की चिठ्ठ्या टाचून क्रमांक द्या.

शिवताना बॉलपॉइंट सुई (८०/१२ किंवा ९०/१४) लावा, म्हणजे होजिअरीला भोकं पडत नाहीत. आधी आडव्या रांगा, मग रांगेला रांग. शिलाईची माया पट्टीकडे वळवून दाबा.

अस्तर आणि मधला थर (आत भरायची कापसासारखी गादी) वरच्या भागापेक्षा चारही बाजूंनी ३-४ इंच मोठे ठेवा. तिन्ही थर कच्चे टाके घालून जोडा, मग पट्ट्यांच्या कडेने पक्की शिलाई मारा. रबरी छापावरून टाके शक्यतो नकोत, तिथे पडलेलं भोक बुजत नाही. मात्र काही प्रकारच्या मधल्या थराला दोन शिलायांमध्ये इतकं अंतर चालत नाही, आतला कापूस सरकतो. त्याच्या पाकिटावर दोन शिलायांमधलं कमाल अंतर दिलेलं असतं ते पाहा. ते १४ इंचांपेक्षा कमी असेल, आणि बहुतेकदा असतंच, तर छापाभोवती एक चौकट शिवा किंवा मोकळ्या जागेत दोऱ्याच्या गाठी मारा. कडा झाकणारा पट्टीचा गोट सगळ्यात शेवटी.