जुन्या ट्रकच्या इंजिनाला कमी खर्चात जास्त हवा कशी मिळवून देता येईल?

आपला टर्बो डिझेल ट्रक भार घेऊन चढ चढताना काळा धूर सोडतो, ओढ कमी पडते आणि म्हणून हवेचा प्रवाह स्वस्तात वाढवायचा आहे, असे आपण विचारले आहे. माझे मत असे की नवे काही बसवण्याआधी मूळ बनावटीतली हवा आज कुठे अडते किंवा गळते ते मोजून पाहावे.

त्यासाठी पाच-सहा मीटर पारदर्शक नळी पुरते. तिचा एक मीटर उंचीचा, इंग्रजी U सारखा वळसा फळीवर बांधून त्यात अर्ध्यापर्यंत रंगीत पाणी भरावे, एक तोंड उघडे ठेवावे आणि दुसरे हवेच्या फिल्टरनंतरच्या पाइपाला, टर्बोच्या (एक्झॉस्टच्या वायूने फिरून इंजिनात हवा दाबणाऱ्या पंख्याच्या) जितके जवळ जमेल तितके, जोडावे. पूर्ण भाराने चढ चढताना दोन्ही पातळ्यांत किती अंतर पडते ते शेजारी बसलेल्याने वाचावे. अनेक टर्बो डिझेल इंजिनांत ते सुमारे 25 इंचांच्या, म्हणजे 635 मिलिमीटरच्या वर गेले की फिल्टर बदलायची वेळ झाली असे धरतात. इंजिनाकडची नळी आधी वर नेऊन मगच खाली आणावी, नाहीतर पाणी टर्बोत ओढले जाईल.

मी स्वतः हे उशिरा शिकलो. आधी उघडा शंकूच्या आकाराचा फिल्टर विकत घेतला. तो बॉनेटखालची गरम हवा ओढू लागला आणि ओढ आणखीच कमी झाली, कारण हवा 10 अंशांनी तापली की तिची घनता साधारण 3 टक्क्यांनी घटते. पुढे नळी लावली तेव्हा फिल्टरच्या डब्याजवळ आकडा ठीक होता, टर्बोजवळ मात्र जवळजवळ दुप्पट. मधला रबरी होज बाहेरून धडधाकट दिसत होता, पण आतला थर सुटून जोराच्या ओढीने चिकटत होता. इंजिन बंद केले की तो पुन्हा गोल!

टर्बोनंतरची बाजू उलट, गळतीची. टर्बोचे तोंड झाकणाने घट्ट बंद करून कॉम्प्रेसरने एक बारपेक्षा कमी दाब द्यावा आणि इंटरकूलरच्या (टर्बोने दाबलेली हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) सांध्यांवर साबणाचे पाणी लावावे. जिथे फेस येतो तिथला क्लॅम्प किंवा होज बदलावा. एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (इंजिनातला जळका वायू गोळा करणाऱ्या पाइपाच्या) गॅस्केटभोवती काजळी दिसल्यास टर्बोला फिरवणारा वायूच वाया जातो आहे, असे समजावे. टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाची, फटही एकदा तपासून घ्यावी.

कागदी फिल्टर मात्र झटकून किंवा हवा मारून पुन्हा वापरू नका. कागदाला न दिसणारे छिद्र पडले तर धुळीने पिस्टनच्या रिंगा घासतात, आणि तो खर्च फिल्टरपेक्षा कितीतरी मोठा असतो.

आकडा मर्यादेत असेल, फेसही कुठे येत नसेल आणि तरी काळा धूर कायम असेल, तर हवेचा नाद सोडून इंधन फवारणारे इंजेक्टर काढून तपासावेत.