कॉफीची आवड आहे, त्यातच करिअर करता येईल का? सुरुवात कशी करावी?

तुम्ही विचारलंय की कॉफी मनापासून आवडते, तर सध्याची नोकरी सोडून त्यात उतरावं का आणि पहिलं पाऊल कोणतं. उतरता येतं. पण कॉफी प्यायला आवडणं वेगळं आणि तीच चव दिवसभर प्रत्येक कपात जशीच्या तशी काढणं वेगळं. पगार दुसऱ्या गोष्टीचा मिळतो.

राजीनामा देण्याआधी जीभ तपासा. कपिंगचं, म्हणजे कॉफी ठरावीक पद्धतीने चाखून तपासण्याचं, प्रमाण ठरलेलं आहे: 150 मिली पाण्याला 8.25 ग्रॅम जाडसर दळलेली कॉफी, पाणी 93 अंश सेल्सिअस. पाणी ओतल्यावर 4 मिनिटं कपाला हात लावायचा नाही. वर जमलेला थर चमच्याने मागे सारत फोडायचा आणि त्याच क्षणी नाक कपाजवळ न्यायचं, कारण वास तेव्हाच सगळ्यात जोरात येतो. मग फेस काढून टाका आणि कॉफी 70 अंशांच्या आसपास आली की चमच्यातून जोरात, आवाज करत ओढा. कोमट झाल्यावर पुन्हा चाखायला विसरू नका. गरमपणात झाकलेला बुरशीचा, आंबल्याचा किंवा कच्च्या शेंगदाण्यासारखा दोष तेव्हा उघडा पडतो. शेंगदाण्याची चव अपक्व फळातल्या बियांची. भाजल्यावरही त्या फिकट राहतात.

आता कोणाला तरी तीन कप मांडायला सांगा, दोन एका कॉफीचे आणि एक दुसरीचा. वेगळा कप शोधायचा. नुसत्या अंदाजानेही तिनात एकदा बरोबर येतं, म्हणून असे सहा संच लावा. पाच बरोबर आले तर ते नशीब नाही. नुसत्या अंदाजाने तसं शंभरात दोनदाही होत नाही. दोनच आले तरी निराश होण्याचं कारण नाही. चव ओळखणं सरावाने सुधारतं, पण रोज चाखून लिहून ठेवलं तरच.

या सरावात कंटाळा आला नाही तर चाचणी आणि खरेदीच्या बाजूचा विचार करा. तिथे जागा कमी असतात आणि सहसा कोणी थेट घेत नाही. बहुतेकांची सुरुवात बरिस्ता, म्हणजे कॅफेत कॉफी बनवणारा, म्हणूनच होते, आणि माझ्या मते तीच बरोबर आहे.

बरिस्ताचं खरं कौशल्य दुधावरच्या नक्षीत नसून सकाळी ग्राइंडर लावण्यात, म्हणजे दळण किती बारीक हवं ते ठरवण्यात आहे. 18 ग्रॅम दळण, कपात 36 ग्रॅम एस्प्रेसो (यंत्राच्या दाबाने काढलेली दाट कॉफी), 25 ते 30 सेकंद, इथून सुरुवात करा. 15 सेकंदांत ओतून आंबट आणि पातळ लागली तर दळण बारीक करा. 40 सेकंद लागून कडू, घसा कोरडा करणारी आली तर जाड करा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दळण आणि वजन दोन्ही हलवलं तर फरक कशाने पडला ते कळत नाही. सेटिंग बदलल्यावरचा पहिला शॉट, म्हणजे एकदा काढलेली एस्प्रेसो, फेकून द्या, कारण ग्राइंडरमध्ये आधीचं दळण अडकलेलं असतं. वेळ बरोबर असूनही कॉफी एकाच घोटात आंबट आणि कडू लागली तर दोष बहुधा बास्केटमध्ये, म्हणजे दळण भरायच्या जाळीदार वाटीत असतो: दळण सारखं पसरलेलं नाही किंवा टॅम्प (दळण दाबून बसवणं) तिरका झालाय, म्हणून पाणी एका बाजूने वाट काढतं. आदल्या दिवशी भाजलेली कॉफी वापरू नका. तिच्यातल्या कार्बन डायऑक्साइडमुळे धार वेडीवाकडी येते. आठवडाभर तरी थांबा.

वाफेने दूध तापवताना 60 ते 65 अंशांवर थांबवा. 70 च्या पुढे गोडवा जातो आणि उकळल्याचा वास येतो. प्रत्येक वेळी वाफेची नळी लगेच पुसून थोडी वाफ सोडा, नाहीतर दूध आत ओढलं जाऊन तिथेच करपतं. या कामाचा मोठा भाग साफसफाईचा आहे, हे जाहिरातीत कोणी लिहीत नाही.

भाजणीची ओढ असेल तर मुख्य धोका दुसऱ्याचे आकडे उतरवण्याचा. पहिला तडतडाट, म्हणजे भाजताना बिया फुटल्याचा आवाज, साधारण 196 ते 205 अंशांदरम्यान होतो म्हणतात, पण तापमापक ड्रममध्ये कुठे बसवलाय त्यावर आकडा बदलतो. कान आणि नाक वापरा, आणि आपल्याच यंत्राची नोंदवही ठेवा. सुरुवातीला उष्णता जास्त झाली तर बियांवर डाग पडतात. मधे आच मंदावली तर कॉफी ब्रेडसारखी सपाट लागते. हिशेब करताना वजनातली घट धरा: 10 किलो कच्च्या बियांतून साधारण 8.5 किलो हाती येतात, गडद भाजणीत त्याहून कमी. आणि धुराड्यात साचणारी सालपटं वेळेवर काढा. आग लागते ती बऱ्याचदा तिथून.

यंत्रं उघडायची हौस असलेल्यांनी दुरुस्तीकडेही पाहावं. गॅस्केट, व्हॉल्व्ह, पाण्यातल्या क्षारांचा थर, ग्राइंडरचे झिजलेले बर (दळणारी पाती). हे जाणणारे कमी आणि गरज सगळ्यांना.

प्रमाणपत्राची घाई नको. स्पेशालिटी कॉफी असोसिएशनच्या अभ्यासक्रमात बरिस्ता, ब्रूइंग, रोस्टिंग, ग्रीन कॉफी (कच्च्या बिया) आणि सेन्सरी (चव-वास ओळखणं) असे वेगळे विभाग आहेत. काही महिने काम केल्यावर त्यातला आपला कोणता ते आपोआप कळतं. पहिली नोकरी निवडताना मात्र पगाराबरोबर एक गोष्ट नक्की विचारा: ग्राइंडर लावायला मला मिळेल का? सेटिंगला कुलूप लावून ठेवणाऱ्या जागी वर्षभर फक्त बटणं दाबावी लागतील.